मदरबोर्डाचा डावा कान

कॉम्प्युटरचा मदरबोर्ड नुसता हातात धरून चांगला का वाईट ते सांगणारा माणूस आख्ख्या पिंपळवंडीत मी एकटाच. तसा जल्मात एकच नीट बगितला, आन् त्योबी उलटा धरला व्हता.

हे मी बोलतोय आन् माझी धाकटी बहीण सुमन टाईप करतीय. चौथीत मी शाळा सोडली, शाळंनं अडवलं न्हाई, दोगंबी सुखी झालो. त्यामुळं लिहिणं तिच्याकडं. मधीमधी ती थांबती, चष्मा वर करती आन् म्हणती, "दादा, असं नव्हतं झालं." मी म्हणतो, तू टाईप कर. पण आज जे सांगायचंय तिथं मला थापा मारता यायच्या न्हाईत, कारण हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त ध्यानात हाय.

आमचं घर मेंढरावाल्यांचं. माझ्या आज्याची मेंढरं दिवाळी झाली का घाट उतरून कोकणात जायची. आमच्या येळंपर्यंत ते सगळं मागं पडलं, कांदा-टमाटूची शेती आली, आन् घराच्या मागं तीस-पस्तीस मेंढरं तेवढी ऱ्हायली. त्यात शिंग्या नावाचा एक टकरीचा एडका माझा. माझा म्हंजी, खायला आबा घालायचा, धुवायला आई, आन् टक्कर जिंकला का फेटा मी बांधून घ्यायचो. आबा म्हंजी आमचा बाप. उंच, काळा, दिवसातनं धा शब्द बोलणारा. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला व्हता, पण तो म्हणायचा, मेंढरू डोळ्यानं पारखत न्हाईत, अंगठ्यानं पारखत्यात.

आमच्या घरात इश्वास ही वस्तू मिठासारखी, चिमटीनं वापरायची. आई नारळ घ्यायला गेली का आधी कानाला लावून हलवायची, मग दुकानदाराला हलवायला लावायची, आन् दोगांच्या हातात पाण्याचा आवाज एकच येतोय का ते बगायची. आबा बाजारात मेंढी घेताना पोटाकडं बगायचाच न्हाई. का, तर इकणारे पहाटंला मेंढरास्नी मीठ चारून पाणी पाजत्यात. सकाळी मेंढी टुमटुमीत, सांजंला नुसती पिशवी. मी ह्या दोगांचा ल्योक, तवा माझ्यात दोगांचाबी संशय उतरला. अक्कल एकाचीबी उतरली न्हाई.

आन् आमच्या घराची एक खूण व्हती. मेंढराच्या डाव्या कानाला, खालच्या कडंला, तिरकी खाच. ज्वारीच्या दाण्याएवढी. पहाटं जाळीच्या वाघरातनं मेंढरं सोडताना आबा एकेकीच्या कानावरनं अंगठा फिरवायचा, चालता चालता, जसा काय जपच चाललाय. अंगठा अडला का मेंढी आपली. आन् दुसरा नियम असा का, खूण भायेरच्याला सांगायची न्हाई. चोराला खूण कळली का तो तिच्यावरच दुसरी खाच पाडून मोकळा. हा नियम मी लई पाळला. पाळायला नको तिथं पाळला.

तर आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो सुमनमुळं. ती बारावीनंतर मंचरला कॉलेजात जायची, आन् तिथल्याच एका प्रेसवाल्याचं मराठी टायपिंग घरी आणून करायची. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची कार्डं, दशक्रियेचे कागद. फ्लॉपीवर घालायची आन् एष्टीनं नेऊन द्यायची. त्या कामावर तिचं कॉलेज चाललं व्हतं. काम गेलं का कॉलेज गेलं, हे घरात कुणी बोलायचं न्हाई पण सगळ्यांस्नी म्हाईत व्हतं. कॉम्प्युटर पुण्यातनं कुणीतरी वापरून टाकलेला, पांढऱ्याचा पिवळा झालेला. कणगीशेजारी ठिवला व्हता. त्याचा पंखा घूंऽऽ करायचा, चुलीवर हुलग्याचं माडगं रटरट करायचं, आन् लाईट गेली का ते यूपीएस टीं टीं टीं असं वरडायचं, का मागं मेंढरं बिथरायची. लाईट तर रोजच जायची. शिंग्यानं त्या टीं टीं ला टक्कर द्यायला म्हणून दोनदा भिताड ठोकलं.

लगीनसराईच्या तोंडाला ती मशीन बंद पडाय लागली. चालता चालता थिजायची. सुमनच्या कॉम्प्युटर क्लासचे सर घरी आले, त्यांनी कॅबिनेट उघडलं आन् हिरव्या फळीवरच्या बारक्या बारक्या डब्या दाखवल्या. त्यांची डोकी फुगून वर आल्याली. सर म्हणले, "मदरबोर्ड गेला. हे कपॅसिटर फुगलेत बघा."

मी म्हणलं, "पोटफुगी."

सर म्हणले, "काय?"

"मेंढरांस्नी व्हती सर. ओला घास जास्ती खाल्ला का. नळीनं गोडं तेल पाजायचं."

सुमन म्हणली, "दादा, तू भायेर जा."

सरांनी चिठ्ठी लिहून दिली. जुना प्रोसेसर आन् जुनी रॅम बसंल असाच बोर्ड पायजे, कपॅसिटरची डोकी सपाट पायजेत, खोका सीलबंद पायजे, गॅरंटीकार्डावर शिक्का पायजे. नारायणगावात किरणशेठचं कॉम्प्युटरचं दुकान व्हतं, त्याच्याकडं मिळंल म्हणले. आन् प्रेसवाल्यानं सुमनला सांगून ठिवलं व्हतं, सोमवारपातुर पत्रिका आल्या न्हाईत तर काम पेठच्या एका पोरीला देतो, तिच्याकडं नवी मशीन हाय. दिवस व्हता गुरुवार, आन् सुमनचा त्या दिवशी पेपर. आबाला चिठ्ठी वाचता येत न्हाई. ऱ्हायलं कोण? मी.

गोणीत कॅबिनेट घेऊन मी एष्टीत चढताना सुमननं चिठ्ठी माझ्या खिशात घातली, वरनं पिन टोचली आन् म्हणली, "दादा, नुसती चिठ्ठी द्यायची. बोलायचं न्हाई."

मी नारायणगावला उतरलो, आधी खुरप्यांना धार लावायला एक कानस घेतली, आईनं सांगितली व्हती म्हणून, आन् मग किरणशेठच्या दुकानात शिरलो. किरणशेठ म्हंजी पस्तिशीचा, बारीक, कपाळाला गंध, कुणाशीबी हळू बोलणारा. हळू बोलणारा माणूस बगितला का माझ्या डोक्यात घंटा वाजती. बाजारात जो दलाल हळू बोलतो, त्याच्या मेंढीच्या पोटात नक्की पाणी असतं.

त्यानं चिठ्ठी वाचली आन् तीन खोकी काढून पुढं ठिवली. "भाऊ, ह्या तिन्हीत तुमचा प्रोसेसर बसतो. कुठलाबी घ्या."

तिथंच मला संशय आला. इकणारा माणूस कुठलाबी घ्या म्हणतो? म्हंजी तिन्ही वाईट.

पयला मी हातावर तोलला. हलका. म्हणलं, ह्यात मालच न्हाई. दुसरा चकाकत व्हता. म्हणलं, ह्याला तेल लावलंय, बाजाराच्या दिवशी मेंढराच्या लोकरीला लावत्यात तसं. तिसऱ्याचा मी वास घेतला. किरणशेठ म्हणला, "भाऊ, वासाचं काय न्हाई त्यात."

"तेच तर," मी म्हणलं, "नव्या मालाला वास नगं?"

मग मी डोकी बगाय लागलो. लई येळ बगितली, सगळी सपाटच. सपाटच असणार, कारण मी फळी उलटी धरली व्हती. किरणशेठनं हळूच माझ्या हातातनं घेतली, सुलटी केली आन् परत दिली. असं मुकाट्यानं सुधारणारा माणूस तर मला आजून जास्त डेंजर वाटला.

भाव करायची येळ आली तवा मी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याच्या हातावर टाकला आन् टॉवेलाखालनं त्याचा हात धरला. मेंढराच्या बाजारात सौदा असाच व्हतो, टॉवेलाखाली बोटं दाबून, म्हंजी चारचौगांना आकडा कळत न्हाई. किरणशेठला हे म्हाईत नसावं. त्यानं हात असा काय वढला का टेबलावरचा माऊस खाली लोंबकळला. "भाऊ! भाऊ, तोंडानं बोला!"

शेवटी तिसराच ठरला. किरणशेठनं टेबलावरच तारा जोडून दाखवला. बोर्ड एकदाच "टिट्" म्हणला आन् पडद्यावर अक्षरं आली. "एक टिट् म्हंजी तब्येत ठणठणीत," किरणशेठ म्हणला. मला बरं वाटलं. जनावर वरडलं म्हंजी जित्तं हाय. तेवढ्यात लाईट गेली. पाढ्यासारखं त्याला भारनियमन पाठ व्हतं. म्हणला, "आता चारशिवाय येत न्हाई, आन् मला चारला जुन्नरला जायचंय. तुमचं कॅबिनेट आणलंच हाय तर हितं ठिवून जा, उद्या सकाळी बसवून देतो. बसा, चहा सांगतो." आन् तो चहा सांगायला समोरच्या टपरीवर गेला.

मी एकटा ऱ्हायलो. पुढ्यात पसंत केलेला बोर्ड. मागं फळीवर तसलेच हिरवे जुने-पाने बोर्ड पन्नास. उद्या मी येईपर्यंत ह्यानं ह्यातला काढून त्यातला घातला तर मला काय कळणार? सगळ्या मेंढ्या एका रंगाच्या. सुमनचं कॉलेज डोळ्यापुढं आलं, आबाचा अंगठा आला. आन् पिशवीत हाताला लागली कानस.

मी बोर्डाचा डावा कान शोधला. फळीला कान कुठनं असणार, पण डावी कड म्हंजी डावा कान असं मी धरलं, आन् खालच्या अंगाला तिरकी कानस चालवली. खर्र, खर्र. हाडासारखं टणक व्हतं. ज्वारीच्या दाण्याएवढी खाच पडली, आन् आत तांब्याची बारीक कड चमकली. मला तर आनंदच झाला. म्हणलं, वा, माल आतपातुर खरा हाय! भुकटी फुकली, बोर्ड खोक्यात ठिवला, आन् किरणशेठचा चहा पिऊन मिशीत हसत एष्टीत बसलो. घरी आईला म्हणलं, "आता बदलू दे लेकाला."

शुक्रवारी सकाळी गेलो तर किरणशेठ दाराशीच हुबा. तोंड उतरल्यालं. म्हणला, "भाऊ, काय झालंय कळंना. काल तुमच्यासमोर चालला. आज बसवला तर टिट् बी न्हाई, काय न्हाई."

मला आधी काय वाटलं असंल? वाईट? न्हाई. मला वाटलं, सापडला! मी म्हणलं, बगू. बोर्ड हातात घेतला, सुलटा घेतला, आन् अंगठा कडंवरनं फिरवला. खाच हाय. आता शाण्या माणसानं काय समजावं? का बोर्ड बदलला न्हाई, माणूस सरळ हाय. मी समजलो का ह्यानं आतला जीव काढून घेतला आन् वरचं कातडं तेवढं ठिवलं. खाचंचं तर तोंडातनं काढायचं न्हाई, घरचा नियम. म्हणून मी नुसताच वरडाय लागलो.

"काल जित्ता आन् आज मेला? रातीत काय चारलंस त्याला?"

"भाऊ, देवाशप्पत मी हात लावला न्हाई. हा मी पुण्याला पाठवतो, बदलून येईल. आठ दिवस लागत्याल. तवर ह्या दोनमधला न्या, मी काय जास्त घेत न्हाई."

"हलका आन् तेल लावल्याला? मला येडा समजलास व्हय?"

रस्त्यावर माणसं जमली. बाजारात पिंपळवंडीची चार माणसं व्हती तीबी आली. गर्दी बगितली का मला गळा फुटतो. मी म्हणलं, हा माणूस गरिबाच्या मशीनचं काळीज काढून इकतो. लोक हसले, मला वाटलं माझ्या बाजूनं हसले. किरणशेठ गंधावरचा घाम पुसत व्हता. सुमन इथं थांबलीय. म्हणती, "दादा, त्या दिवशी त्याच्या दुकानातनं दोन गिऱ्हाईकं माघारी गेली, ते सांग." सांगितलं. गेली.

मी जिंकून आल्यासारखा घरी आलो, हातात काय न्हाई, कॅबिनेटबी दुकानातच. सुमननं सगळं ऐकलं. ताटात भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी वाढली व्हती, ती तशीच ठिवून उठली आन् नुसत्या पडद्यासमोर जाऊन बसली, पेपरला बसत्यात तशी. आईनं माझ्या ताटातला कांदा उचलून घेतला. आमच्या घरात ही मोठी शिक्षा. आबानं ताटातली भाकरी संपवली. मग म्हणला, "उद्या मी येतो."

शनिवारी आबा, सुमन आन् मी, आमी तिघं गेलो. किरणशेठनं आमाला बगितलं आन् उठलाच न्हाई. सुमन म्हणली, "शेठ, त्या दोन बोर्डांतला एक द्या. सोमवारी माझं काम जाईल."

"ते दोन्ही काल सांजंला गेले ताई. ओतूरच्या क्लासवाल्यानं नेले. आन् असते तरी दिले नसते." तो आजूनबी हळूच बोलत व्हता. "मी चोर हाय ना? चोराकडनं कशाला घेताय?"

मी म्हणलं, "बगा, बगा आबा, माल असून न्हाई म्हणतो."

आबानं माझ्याकडं बगितलंबी न्हाई. म्हणला, "शेठ, मेलेलं दाखवा."

किरणशेठनं मेलेला बोर्ड काढून आबाच्या हातात दिला. आबाला त्यातलं काय कळणार? त्याला ती फळी नीट दिसतबी नव्हती. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली, तोंडाजवळ नेली, मग खाली घेतली, आन् सवयीनं अंगठा कडंवरनं फिरवाय लागला. वरची कड. उजवी. खालची. मी छपराकडं बगाय लागलो. डावीवर अंगठा आला, सरकत सरकत खाली आला आन् अडला.

परत मागं गेला. परत अडला.

"ही आपली हाय," आबा म्हणला.

दुकानात कुणाला काय समजंना. सुमनला समजलं. तिनं हात तोंडावर ठिवला. ल्हानपणापासनं हजारदा तिनं ती खाच बगितली व्हती.

किरणशेठ उठून आला, भिंग लावून बगितलं, आन् खुर्चीत बसला. "अरे भाऊ," तो म्हणला, "ह्या फळीच्या आत थरावर थर तारा असत्यात. केसाएवढ्या. तुमी सगळ्या कापून एकमेकीला चिकटवल्यात. कशानं केलं हे?"

"कानशीनं," मी म्हणलं. आजून काय म्हणणार?

भायेर कालचीच दोन माणसं व्हती, ती हसाय लागली, आन् आता कुणाच्या बाजूनं हसत्यात ते मला कळलं. आबानं डोक्याचा फेटा सारखा केला आन् म्हणला, "शेठ, खूण आमची, चूक आमची. मेलेल्याची भरपाई आमची. पुढच्या शनिवारी चाकणच्या बाजारात एडका इकतो आन् सांजंला आणून देतो." मग भायेरच्या माणसांकडं वळून, आबाला जल्मात जेवढं मोठ्यानं बोलता येत व्हतं तेवढ्यानं म्हणला, "ह्या शेठचा काय दोष न्हाई. ऐकलं का? गावात सांगा."

एडका म्हंजी माझा शिंग्या. पण त्या येळी शिंग्यासाठी तोंड उघडायची माझी पत ऱ्हायली नव्हती.

किरणशेठनं मेलेला बोर्ड खोक्यात ठिवला. मग उठला, गल्ल्याशेजारी त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर व्हता, ज्याच्यावर तो बिलं काढायचा, तो बंद केला आन् स्क्रू काढाय लागला. आतनं धुळीनं माखल्याला बोर्ड काढला, ब्रशनं झाडला, आन् सुमनपुढं ठिवला. "ताई, ह्यातबी तुमचा प्रोसेसर बसतो. पाच वर्सं ह्या दुकानात चालतोय. लाईटीचे झटके खाल्ले, धूळ खाल्ली, एकदा चहा पिला. ह्याच्यावर मी इश्वास ठिवतो. नवा आला का बदलून न्या." त्यानंतर महिनाभर तो माणूस हातानं बिलं लिहीत व्हता. मी ज्याला चोर म्हणलं त्यो.

बदलून आणला का? न्हाई. नवा आला तवा सुमन म्हणली, हाच ऱ्हाऊ दे. चांगला बोर्ड कसा वळखायचा हे मला आज कुणी इचारलं तर मी म्हणतो, खोक्याला इचारू नका, जो इकतो त्याला इचारा, तू सवता कुठला वापरतोस. हे शिकायला मला एक एडका लागला. मेलेला बोर्ड किरणशेठनं परत दिला, तो सुमननं पुढं मंचरला टाकलेल्या टायपिंगच्या दुकानात आजून भिंतीला हाय. गिऱ्हाईक इचारतं, हे काय? ती म्हणती, आमच्या दादाचं शिक्षण.

त्या शनिवारी सांजंला मशीन जोडली. टिट् झालं, आन् मागनं मेंढरं वरडली. सुमननं पत्रिका लावायला घेतल्या, सोमवारी फ्लॉपी मंचरला पोचली. आईनं त्या सांजंला मासवड्या केल्या, आधी किरणशेठचा डबा भरला, आन् मग आमाला वाढल्या. माझ्या ताटात कांदा परत आला. कांदा आला म्हणल्यावर मला धीर आला, आन् धीर आला का माझं तोंड सुटतं.

मी म्हणलं, "तसं बगितलं तर आबा, बोर्ड मी चांगलाच पारखला व्हता. खाच पाडंपातुर चालूच व्हता ना?"

आबानं मासवडीचा रस्सा भाकरीवर वतला, कुस्करला, आन् माझ्याकडं न बगता म्हणला,

"खाच तुझ्या कानाला पाडाय पायजे व्हती. म्हंजी सुटला का कुणीतरी घरी आणून बांधला असता."